शिवेपर्यंत

पारशिवनीकडच्या बैलबाजारात रुपराव भोयर शिरले, की निम्मे दलाल चहा प्यायला उठून जात. रुपराव बैलाचे दात पाहायचे, खूर पाहायचे, वशिंडावर थाप मारायचे, त्याला चालवायचे, बसवायचे, उठवायचे. एवढं करून बैल पसंत पडला, तरी शेवटी विकणाऱ्याचा हात धरून तो बैलाच्या पाठीवर ठेवायचे आणि म्हणायचे, "आता सांग बाप्पा, खोड काय हाय?" पाठीवर हात ठेवून खोटं बोललं तर गोठा रिकामा होतो, असं त्या भागातली जुनी माणसं मानत. त्यामुळे भलेभले गडी त्या घडीला पडेल आवाजात कबूल करायचे, की हा नांगराला बसतो, किंवा हा पाण्यात पाय घालत नाही. रुपराव स्वतः विकायला उभे राहिले तरी नेम हाच. विचारायच्या आधीच खोड सांगून मोकळे. या नेमापायी त्यांचं नुकसान पुष्कळ झालं आणि नाव त्याहून पुष्कळ झालं. नावाने गोठा भरत नाही, हे त्यांची बायको सुभद्राबाई त्यांना येता-जाता ऐकवायची, ते वेगळं.

असा हा माणूस एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात मोटार विकत घ्यायला नागपुरात आला होता. मोटारीतलं त्यांना काय कळत होतं म्हणाल, तर पुढे दिवे असतात आणि मागून धूर निघतो, इतकं.

शौक म्हणून नव्हे हो. शौक करणाऱ्यांतले ते नव्हतेच. पावसाळ्यात सुभद्राबाई विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरल्या आणि पाठीचं हाड दुखावून बसल्या. नागपूरचा मोठा दवाखाना झाला, प्लास्टर झालं, आणि आता त्या नागपूरच्याच महाल नावाच्या जुन्या वस्तीत, रुपरावांचा भाचा रविंद्र याच्या दोन खोल्यांच्या घरात पलंगावर पडून होत्या. डॉक्टर म्हणाले होते, घरी न्या, पण जपून. एखादा जोराचा दणका बसला तर पाय कायमचे जातील.

आणि नेमका तेव्हाच सालईटोल्याहून निरोप आला. सालईटोला म्हणजे सुभद्राबाईंचं माहेर. पारशिवनीच्याही पुढे, जंगलाच्या अंगाला, मध्ये एक बिनपुलाचा नाला. तिथे त्यांची आई रंभाबाई अंथरुणाला लागली होती. अन्न सुटलं होतं. कुणाची पावलं वाजली की ती एवढंच विचारायची, "सुभी आली काय?" म्हातारीला उचलून नागपूरला आणावं, तर तिला कूस बदलायला लावली तरी जीव कासावीस होत होता. म्हणजे जायचं ते लेकीनेच, आणि जायचं ते लवकर.

जाणार कशात? बंडीचं, म्हणजे बैलगाडीचं, तर नावच नको. एसटीत बसणं म्हणजे डॉक्टरांचे शब्द खरे करून दाखवणं. एका ठेकेदाराची जीप आणली, तर महालातून बडकस चौकापर्यंत जाईतो सुभद्राबाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला, आणि चेहरा असा पांढरा पडला की रुपरावांनी तिथूनच गाडी वळवायला लावली. दवाखान्याची गाडी मऊ चालायची, पण ती नाल्यात उतरायला तयार नव्हती. मऊही हवी आणि नालाही ओलांडणारी हवी, अशी गाडी जगात असते का, हेच रुपरावांना ठाऊक नव्हतं. रविंद्रला ठाऊक होतं. तो मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात काम करायचा आणि गिऱ्हाइकांच्या तोंडून शहरातल्या गाड्यांच्या कुंडल्या ऐकायचा.

"मामा, सिव्हिल लाइन्समंदी एका बंगल्यात विलायती गाडी हाय," तो म्हणाला. "चारही चाकं ओढते. आत चामड्याच्या गाद्या. खाणीच्या गोऱ्या साहेबाची होती म्हनते. मालक वारले, बाई विकून राहिली."

रुपरावांच्या बागेतला संत्र्याचा बहार त्या साली चांगल्या भावाने गेला होता, म्हणून गाठीला पैसा होता. रुपरावांनी धोतर नेसलं, टोपी चढवली आणि निघताना घरातला पितळी गडवा, म्हणजे तांब्या, पिशवीत टाकला. रविंद्रने विचारलं, "गडवा काहून?" रुपराव म्हणाले, "दात तं नसन ना तिले. काहीतरी पाहाच लागन."

बंगल्याच्या पोर्चमध्ये ती गाडी उभी होती. लांबलचक, काळपट हिरवी, म्हशीसारखी शांत. बाई बाहेर आल्या. अरुंधतीबाई त्यांचं नाव. पन्नाशी ओलांडलेली, बारीक अंगाची, चष्मा, फिक्या रंगाचं पातळ. त्यांचे यजमान कृष्णकांतराव खाणीवर इंजिनिअर होते. गोरा मॅनेजर विलायतेला परत गेला, तेव्हा त्यांनी ही गाडी घेतली होती. आता बंगला सोडून त्यांना मुलाकडे पुण्याला जायचं होतं, असं त्यांनी सांगितलं. त्या बोलत होत्या अगदी नीट, पण हात गाडीच्या दाराच्या कडेवरून सारखा फिरत होता. रुपरावांनी ते पाहिलं. गोऱ्हा विकायला आलेल्या बायका असाच हात फिरवतात.

रविंद्रने बोनट उघडलं, आत डोकं घातलं, खाली झोपून पाहिलं आणि कपडे झटकत उभा राहिला. "सर्व्हिसचं पुस्तक दाखवा ना बाई. केव्हा काय बदललं, कोन्या गॅरेजमध्ये गेली, ते."

"पुस्तक हरवलं," अरुंधतीबाई म्हणाल्या.

"गॅरेजचं नाव सांगा, मी तिथं विचारतो."

"मागची पाच-सहा वर्षं गॅरेजला दिलीच नाही."

रविंद्रने मामांना बाजूला ओढलं. "पाच-सहा साल गॅरेज नाही आनि पुस्तक हरवलं! याच्यात काहीतरी काळंबेरं हाय मामा. अशी गाडी म्हंजे जलमपत्रिका नसलेली नवरी."

"माही मामी बिन जलमपत्रिकेचीच होती," रुपराव म्हणाले. "पन्नास साल संसार केला तिनं." आणि त्यांनी मागचं दार उघडलं.

आत त्यांच्या डोळ्यांना काही गोष्टी दिसल्या. पुढच्या गाद्या जवळजवळ कोऱ्या होत्या. मागची डावी गादी मात्र बसून बसून खोल झाली होती, आणि तिची पाठ कुणीतरी मुद्दाम कापून मागे कलती केलेली होती. उशाला एक छोटी उशी शिवून टाकली होती. आणि गादीच्या दोन्ही बाजूंच्या कड्यांतून एक रुंद पट्टा लोंबत होता, जुन्या पातळाच्या घड्या घालून हाताने शिवलेला. रुपरावांनी तो पट्टा बोटांनी चाचपला, पण विचारलं काहीच नाही. सौद्यात आधी चाल पाहायची आणि प्रश्न शेवटी करायचा, हा त्यांचा शिरस्ता.

त्यांनी बंगल्याच्या नळावर गडवा काठोकाठ भरला, त्या कलत्या गादीवर बसले, गडवा मांडीवर धरला आणि रविंद्रला म्हणाले, "चालव."

रविंद्र चांगला चालवायचा, पण तरण्या माणसासारखा चालवायचा. गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा पहिलं पाणी सांडलं. तेलंगखेडीच्या रस्त्याला लागेपर्यंत अर्धं धोतर भिजलं. एका वळणावर त्याने ब्रेक दाबला आणि उरलेलं पाणी रुपरावांच्या पोटावर आलं. हिवाळ्यातलं ते नळाचं पाणी. पण रुपरावांना थंडीपेक्षा दुसरंच काहीतरी झोंबलं. ही शेवटची आशा होती. हीही जीपच्याच जातीची निघाली होती.

पोर्चमध्ये उतरले तेव्हा धोतरातून पाणी निथळत होतं. अरुंधतीबाई आधी चकित झाल्या, मग त्यांना हसू आवरेना. "अहो, हे काय झालं?"

"परीक्षा झाली बाई," रुपराव म्हणाले. "नापास." आणि मग, का कोण जाणे, त्या अनोळखी बाईला त्यांनी सगळं सांगून टाकलं. विहिरीच्या पायऱ्या, पाठीचं हाड, सालईटोल्याची म्हातारी, तिचं ते "सुभी आली काय?" सांगता सांगता त्यांनी टोपी काढून उगाच झटकली. "पानी सांडलं नसतं तं ती माहेरी पोचली असती, एवढंच पाहाचं होतं. तुमच्या गाडीची चूक नाही. रस्तेच तसे हायेत."

अरुंधतीबाईंचं हसू केव्हाच मावळलं होतं. मग रुपरावांच्या हातून गडवा घेऊन त्यांनी स्वतः नळावर भरला आणि परत दिला.

"बसा मागे," त्या म्हणाल्या. "मी चालवते."

बाईमाणसाने चालवलेल्या मोटारीत रुपराव जन्मात बसले नव्हते. ते बसले, आणि डोळे गडव्यावर लावून राहिले. गाडी केव्हा हलली ते त्यांना कळलंच नाही. फाटकाचा खांब मागे गेला तेव्हा कळलं. त्याच रस्त्याने, त्याच वळणाने त्या गेल्या. खड्डा यायच्या कितीतरी आधी गाडीचा वेग आपोआप ओसरायचा, चाकं त्याच्या कडेने हळूच उतरायची आणि हळूच चढायची. तेलंगखेडीपर्यंत जाऊन त्या परत आल्या. रुपरावांनी धोतरावर हात फिरवून पाहिला. जुनं ओलं होतं तेवढंच होतं. गडवा काठोकाठ.

रविंद्र तोंड उघडं टाकून पाहत राहिला. रुपराव खाली उतरले, गाडीच्या पुढे गेले आणि गंभीर होऊन म्हणाले, "बाई, मले गाडी पसंत हाय. पन आमच्यात एक रीत हाय. अठी हात ठेवा." त्यांनी बोनटकडे बोट केलं. "पाठीवर हात ठेवून मालकानं खोड सांगाची असते. खरी खोड. मंग आमी घ्याचं का नाही ते ठरवतो."

शिकल्यासवरलेल्या बाई त्या. हसून म्हणू शकल्या असत्या, की अहो, हे यंत्र आहे. त्यांनी हात ठेवला. बोनट अजून गरम होतं.

"पुस्तक हरवलं नाही," त्या म्हणाल्या. "मीच फेकलं. मागची कोरी पानं पाहून लोक विचारायचे, आणि सांगितलं की हात जोडून निघून जायचे. एकाने तर पुढे ठेवलेला चहासुद्धा घेतला नाही."

मग त्यांनी सांगितलं. कृष्णकांतरावांना अर्धांगवायू झाला, वाचा गेली आणि झोपही गेली. डोळा लागतो न लागतो तोच दचकून जागे व्हायचे. औषधांनी काही होईना. एकदा दवाखान्यातून परत येताना गाडीत त्यांना गाढ झोप लागली, आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी त्यांना या गाडीतून फिरवायचं ठरलं. ड्रायव्हर ठेवून पाहिला, पण त्याच्या हातून गाडी उसळली की ते जागे व्हायचे. म्हणून अरुंधतीबाई पन्नाशीला टेकलेल्या असताना गाडी शिकल्या. गादीची पाठ कापून घेतली, आपल्या पातळाचा पट्टा शिवला, की झोपेत ते कलंडू नयेत.

"गॅरेजवाले गाडी दोन-दोन दिवस ठेवून घेतात. तेवढे दिवस ह्यांनी झोपेवाचून कसे काढायचे? म्हणून मिस्त्री दुपारी घरीच यायचा, तेलपाणी, नटबोल्ट सगळं इथेच करून जायचा. त्याचा शिक्का कोण मारणार पुस्तकावर?" त्या थांबल्या. हात बोनटवरच होता. "खोड पुढेच आहे. गाडी थांबली की हे जागे व्हायचे. रोज. घरी आलो, किल्ली फिरवली, आवाज बंद झाला की डोळे उघडायचे आणि माझ्याकडे पाहायचे. या वैशाखात एका संध्याकाळी, तलावाच्या वळणावर, मी आरशात पाहिलं आणि मला कळलं, की हे गेले. पण मी गाडी थांबवली नाही. किती तरी वेळ तशीच चालवत राहिले. थांबवली आणि ते जागे झाले नाहीत तर, याची भीती वाटत होती मला."

बागेतला माळी झारी टेकवून उभा राहिला होता, तो मान खाली घालून पुन्हा पाणी घालू लागला.

रविंद्रने मामांची बाही ओढली. "चला मामा. मयत झालेली जागा... त्याच जागेवर मामीनं लेटाचं काय?"

आता खरं सांगायचं तर रुपराव काही नव्या विचारांचे नव्हते. मांजर आडवं गेलं तर ते पाच पावलं मागे येणारे. ज्या बंडीवर धनी गेला, ती बंडी त्यांच्या घरात मोडून चुलीत घालत. त्यांच्या मनात शंका उभी राहिली, आणि त्या बाईंबद्दल माया तिच्याहून मोठी उभी राहिली, आणि या दोघींच्या मध्ये ते भिजल्या धोतराने अडकून पडले.

"बाई," ते शेवटी म्हणाले, "तुमी खरं सांगलं. आता निजनारी तं ती हाय. तिले विचारून येतो."

महालात येऊन त्यांनी पलंगाशी बसून सुभद्राबाईंना सगळं सांगितलं, पट्ट्यासकट, काही न गाळता. सांगून झाल्यावर त्यांना वाटलं, आता ही तोंड फिरवून भिंतीकडे पाहणार.

सुभद्राबाई छताकडे पाहत होत्या. "आवो, झोप लागते म्हनता त्या गाडीत?"

"त्याहिले लागत होती."

"मले पावसाळ्यापासून झोप नाही." त्यांच्या डोळ्यांच्या कडेने पाणी कानाकडे गेलं. "बायकोनं एवढं केलं आनि मानूस झोपेत, तिच्या हातावर गेला. अशी जागा वाईट कशी म्हनता तुमी? जिथं कोनी कोनाले विचारलं नाही ते वाईट. घेऊन या. माही माय वाट पाहून राहिली."

दुसऱ्या दिवशी सकाळी सौदा झाला. भाव ठरवताना रुपराव बाजारातल्यासारखे रुमालाखाली बोटं धरून सौदा करायला निघाले नाहीत, हे रविंद्रच्या दृष्टीने फार बरं झालं. गाडीच्या चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला, कुंकवाचं बोट बोनटला लागलं. मग रुपरावांनी मागचं दार उघडलं, कड्यांतून तो शिवलेला पट्टा सोडवला, त्याची घडी केली आणि दोन्ही हातांनी अरुंधतीबाईंपुढे धरला.

"जनावर विकलं तरी दावं विकत नसते बाई. दावं घरीच राहते. आमी आमचं घेऊन आलो." त्यांनी पिशवीतून सुभद्राबाईंचं एक जुनं, धुवून मऊ झालेलं लुगडं काढून दाखवलं.

अरुंधतीबाईंनी पट्टा घेतला आणि छातीशी धरला. डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

"अजून एक रीत हाय," रुपराव म्हणाले. या ठिकाणी त्यांचा आवाज थोडा लबाड झाला, हे मान्य केलं पाहिजे. "विकनाऱ्यानं बैलाले शिवेपर्यंत सोडाले याचं असते. सोबत आलं की जनावर नव्या घरी रमते."

"शिवेपर्यंत म्हणजे कुठपर्यंत?"

"हेच. गावाच्या हद्दीपावतर."

अरुंधतीबाईंनी रविंद्रच्या हातातल्या किल्लीकडे पाहिलं. मग घरात गेल्या, पट्टा ठेवला, शाल घेतली आणि परत आल्या. रविंद्रने किल्ली त्यांच्या हातात दिली.

महालातल्या गल्लीत गाडी शिरणं शक्यच नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी ती उभी राहिली आणि शेजारच्या चार जणांनी सुभद्राबाईंना पलंगासकट उचलून आणलं. गल्लीतल्या पोराटोरांपासून पानवाल्यापर्यंत सगळे सूचना देत होते. कलत्या गादीवर सुभद्राबाईंना टेकवलं, लुगड्याचा पट्टा कड्यांतून ओवला. त्यांनी पुढे बसलेल्या बाईंची पाठ पाहिली आणि म्हणाल्या, "तुमीच काय वं त्या बाई?"

"मीच," अरुंधतीबाई मागे वळून म्हणाल्या. "दुखलं तर लगेच सांगा. लाजायचं नाही."

रविंद्र पुढे त्यांच्या शेजारी बसला, आणि त्याची नजर सगळा वेळ त्यांच्या पायावर राहिली. क्लच किती हळू सुटतो, खड्डा दिसला की पाय केव्हा उचलला जातो, हे तो पाहत होता. आपल्याला गाडी चालवता येते, हा त्याचा समज त्या दिवशी कामठीच्या आधीच गळून पडला, आणि त्याला त्याचं वाईटही वाटलं नाही.

कामठीला अरुंधतीबाईंनी विचारलं, "शीव आली का?"

"ही नागपूरची शीव बाई. आपली दूर हाय."

कन्हानचा पूल ओलांडला. हिवाळ्याचं ऊन पाण्यावर पडलं होतं. "आता?"

"अजून नाही."

आमडी फाट्याला रस्ता अरुंद झाला, दोन्हीकडे तुरी उभ्या होत्या. "रुपरावजी, तुमची शीव आहे तरी कुठे?" या वेळी त्या आरशातून हसत होत्या. मागे बसलेल्या रुपरावांनी तोंडावर बोट ठेवलं आणि शेजारी खूण केली. सुभद्राबाईंचे डोळे मिटले होते. तोंड किंचित उघडं, मान छोट्या उशीत कललेली. श्वास लांब आणि संथ चालला होता. कित्येक महिन्यांनी त्या झोपल्या होत्या.

अरुंधतीबाईंचं हसू विरलं. त्यांनी समोर पाहिलं आणि गाडी आणखी हळू घेतली.

पारशिवनीची, रुपरावांच्या गावची, शीव आली. शेंदूर फासलेला दगड, त्याच्या बाजूला मोहाचं झाड. रुपराव जन्मापासून तो दगड ओळखत होते. अरुंधतीबाईंनी दगड पाहून वेग कमी केला आणि आरशातून नुसत्या भुवया उंचावल्या. सौद्यात कधी खोटं न बोललेल्या त्या माणसाने बायकोच्या झोपलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि मान हलवली. नाही. ही नाही.

गाव मागे पडलं. रस्ता संपून बंडीची वाट लागली. मग नाला आला. पाणी गुडघाभर, खाली गोटे. अरुंधतीबाईंनी काठावर क्षणभर अंदाज घेतला, दुसरा लिव्हर ओढला, चारही चाकं कामाला लावली आणि गाडी पाण्यात अशी उतरवली, की गोट्यांवरून ती सरकत गेली. रुपरावांनी दोन्ही हात सुभद्राबाईंच्या पाठीखाली घातले होते. पलीकडच्या चढावर गाडी एकदाच हलली. सुभद्राबाईंनी झोपेत ओठ हलवले आणि पुन्हा स्वस्थ झाल्या.

सालईटोल्यात रंभाबाईची बाज अंगणात उन्हात काढून ठेवलेली होती. गाडीचा आवाज ऐकून घरातली माणसं बाहेर धावली. बाजेवरून एक वाळलेला हात वर झाला. "कोन आलं? सुभी आली काय?"

गाडी अंगणाच्या तोंडाशी उभी राहिली, पण इंजिन चालूच होतं.

रुपरावांनी वाट पाहिली. मग त्यांनी पुढे पाहिलं. अरुंधतीबाईंचा उजवा हात किल्लीवर होता, पण किल्ली फिरत नव्हती. त्या आरशात पाहत होत्या. आरशात त्याच गादीवर, त्याच उशीत मान टाकून एक माणूस झोपलेलं होतं. रविंद्र काही बोलायला गेला, तर रुपरावांनी मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला गप्प केलं.

त्यांना स्वतःलाही आता भीती वाटत होती. सुभद्राबाईंचा श्वास ऐकू येत नव्हता. इंजिनाच्या आवाजात काय ऐकू येणार? त्यांनी बायकोच्या हातावर आपला हात ठेवला.

"बंद करा बाई," ते हलकेच म्हणाले. "मी हाय अठी. करा बंद."

अरुंधतीबाईंनी डोळे मिटले आणि किल्ली फिरवली.

आवाज थांबला. सगळं अंगण शांत झालं. कुठेतरी शेळीच्या गळ्यातली घंटा वाजली.

"आलं काय गाव?" मागून झोपाळू आवाज आला. सुभद्राबाईंनी डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं आणि नवऱ्यावर खेकसल्या, "उठवलं काहून नाही मले? माय तठी वाट पाहून राहिली ना!"

अरुंधतीबाईंनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि त्या रडल्या. वैशाखापासून त्या अशा रडल्या नव्हत्या. रडता रडता हसूही येत होतं.

लोकांनी रंभाबाईची बाजच उचलून गाडीच्या दाराशी आणली, म्हणजे कुणालाच उतरायला नको. म्हातारीने हात लांब करून लेकीचा गाल चाचपला, कान चाचपला, केस चाचपले. "आली वं," ती म्हणाली. "माही सुभी आली."

रुपराव खाली उतरून पुढच्या दाराशी आले. अरुंधतीबाईंनी पदराने चष्मा पुसला.

"रुपरावजी, आता तरी?"

"आली बाई," रुपराव म्हणाले. "ही शीव. उतरा, चहा घ्या."